फीडर भरला की पारवेच येतात. मग हिवाळ्यात बागेत छोटे पक्षी यायचे कसे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही समजेल. सिंहगड रस्त्यावर आनंदनगर भागात तळमजल्याचा फ्लॅट, मागे साधारण बारा बाय वीस फुटांची बाग. कॅनडातल्या बहिणीने सांगितलं की थंडीत पक्ष्यांचे खाण्याचे हाल होतात, म्हणून तुम्ही ऑनलाइन फीडर मागवला, त्यात बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया भरल्या. महिनाभरात आले ते फक्त पारवे. वरच्या मजल्यावरचे वैतागलेत, आणि इकडे सासूबाईंना रोजचे दाणे टाकणं सोडवत नाही. जाता जाता हेही विचारलंय की जास्वंदीवर येणारा, गळ्याखाली काळी रेघ असलेला पिवळट पक्षी कोणता.

मी पुण्यात लोकांना बागा लावून देते. पक्षी बघण्याचा नाद त्याहून जुना. थंडी पडली की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर असं: फीडर उतरवा, पाणी ठेवा, आणि बाग जरा कमी झाडत जा. आता यामागचं कारण.

बहिणीचं काही चुकलेलं नाही. तिच्याकडे जानेवारीत जमीन बर्फाखाली असते, किडा औषधालाही सापडत नाही, दिवस आठ-नऊ तासांचा आणि रात्री तापमान शून्याच्या कितीतरी खाली. एवढासा जीव रात्रभर अंग गरम ठेवायला दिवसा कमावलेली चरबी जाळतो. म्हणून तिथे सूर्यफुलाच्या बिया, चरबीचे गोळे टांगतात, आणि त्याने पक्ष्यांची रात्र खरोखर निभते. आपल्याकडे थंडी म्हणजे पहाटे १०-१२ अंश, एखाद्या दिवशी त्याहून कमी, आणि दुपारी पुन्हा २८-३०. पावसाळ्यातलं गवत बियांनी भरून वाळलेलं असतं, शेवगा फुललेला असतो, उंबर-वड-पिंपळापैकी कुठलं तरी झाड फळलेलं असतं. किड्यांना तर तोटाच नाही. हिमालयातून आणि त्याही पलीकडून पक्षी नेमके याच दिवसांत इकडे येतात ते उगाच नाही. पुण्यातल्या पक्ष्यांची खरी ओढाताण मार्च ते मे या काळात, आणि तीही खाण्यापेक्षा पाण्याची.

त्यात हे पाहुणे खातात काय ते बघा. ऑक्टोबरपासून तुमच्यासारख्या बागेत येऊ शकणारे म्हणजे गच्चीच्या पाइपवर बसून शेपटी सारखी थरथरवणारा थिरथिरा, पार्किंगमधल्या ओलसर जागी शेपूट वरखाली करत चालणारा करडा धोबी, आंब्याच्या पानांत दडून ‘टर्रर्र’ करणारा लाल छातीचा माशीमार, हिरवट वटवट्या, आणि झुडपातून नुसतं ‘चक्, चक्’ ऐकू येणारा, पण तोंड न दाखवणारा ब्लिथचा बोरू वटवट्या. हे सगळेच्या सगळे किडे खाणारे. तुमच्या बाजरीकडे ते ढुंकूनही बघणार नाहीत. इथे बारा महिने राहणाऱ्यांतही शिंपी, नाचण, दयाळ, चष्मेवाला, सूर्यपक्षी यांना दाण्यांशी देणंघेणं नाही. दाणे खाणारे म्हणजे चिमण्या, होले, मुनिया, पोपट आणि पारवे. यांतले पारवे सोडले तर बाकीच्यांना फीडरपाशी जागाच मिळत नाही. एकदा पारव्यांनी ठिय्या दिला की चिमणी येते, बघते आणि निघून जाते.

पारव्याबद्दल एक गोष्ट सहसा लोकांच्या लक्षात येत नाही. चिमणी मोठेपणी दाणे खात असली तरी पिल्लांना आधी किडे, अळ्या भरवते. बुलबुल, दयाळ यांचंही तेच. म्हणजे किडे नसतील तर त्यांची पिल्लं वाढत नाहीत, आणि तो त्यांच्या संख्येवरचा नैसर्गिक लगाम असतो. पारव्याचं तसं नाही. त्याच्या अन्नपिशवीच्या आतल्या अस्तरातून दुधासारखा घट्ट पदार्थ तयार होतो आणि नर-मादी दोघंही पिल्लांना तोच पाजतात. नुसत्या दाण्यांवर त्याचा संसार चालतो. त्यामुळे वर्षभर दाणे घालणारं घर आणि घरटं करायला एसीची फळी मिळाली, की वर्षभर पिल्लं. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासात जात राहिली तर काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. दम्याचे रुग्ण किंवा म्हातारी माणसं वरच्या मजल्यावर असतील तर त्यांची तक्रार नुसती कुरकुर समजू नका. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये मुंबईत केवढं रणकंदन झालं ते आठवत असेलच.

आणि घूस. सांडलेल्या दाण्यांवर रात्री कोण येतं ते बघायचं असेल तर दहा वाजता टॉर्च घेऊन मागे जा. सिंहगड रस्त्याच्या ड्रेनेज लाइनींवर घुशींचं राज्य आहे, आणि तुम्ही त्यांना आयतं ताट वाढताय.

तेव्हा फीडर उतरवा, खालची जागा झाडून धुऊन घ्या. झाडण्याआधी पाणी शिंपडा आणि नाकाला रुमाल बांधा. पारवे लगेच हटत नाहीत, काही दिवस येऊन वाट बघतात. तेवढ्यात दया येऊन एकदा जरी मूठ टाकलीत तर पहिले पाढे पंचावन्न. सासूबाईंचा प्रश्न मला खरा अवघड वाटतो, कारण त्यांच्यासाठी ते पुण्यकर्म आहे, आणि ‘आई, दाणे बंद’ असं सांगून कुठल्याही घरात काही बंद होत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे आम्ही आजींना दाण्यांऐवजी पाण्याचं खातं देऊन टाकलं. रोज सकाळी बशी घासायची, भरायची, आणि कोण आलं ते नातवाला सांगायचं. पहिला आठवडा नाराजी होती. नंतर बशीपाशी कुणी गेलेलं त्यांनाच चालेना. जेवणाआधी कावळ्याला भाताचा घास ठेवायची पद्धत घरात असेल तर ती खुशाल चालू द्या. तो घास कावळा दोन मिनिटांत उचलतो, मागे काही उरत नाही.

आता पाणी. या सगळ्यात मला सर्वांत भरवशाचा उपाय हाच वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुंडीखाली ठेवतात ती मातीची बशी घ्या, फूट-सव्वा फूट रुंद. काचेचं, स्टीलचं किंवा गुळगुळीत चकाकणारं भांडं नको, त्यावर पक्ष्याचे पाय घसरतात. पाणी मधोमध फार तर दोन इंच, कडेला अर्धा इंच. बशी खोल असेल तर एक खडबडीत दगड तिरका ठेवा, म्हणजे चष्मेवाल्यासारख्या चिमुकल्यांना उतरत उतरत पाण्यात जाता येतं. रोज पाणी ओतून टाका आणि काथ्याने बशी घासा, साबण नको. या घासण्यावर मी इतकी अडून बसते कारण डेंग्यूचे डास भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेजवळ अंडी चिकटवतात. नुसतं पाणी बदललं तर ती तिथेच राहतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज घासलेल्या बशीत त्यांचं काही चालत नाही. शिवाय बरेच पक्षी एकाच पाण्यावर येतात तेव्हा घाण पाण्यातून त्यांच्यात रोग पसरतात. रोज जमणार नसेल तर बशी ठेवूच नका, असं मी स्पष्ट सांगते.

जागा कुठली, हे तुमच्याकडे मांजरं किती आहेत त्यावर अवलंबून आहे. मांजरं असतील तर बशी कमरेएवढ्या उंच स्टँडवर आणि दाट झुडपापासून पाच-सहा फूट लांब हवी. ओल्या पंखांनी पक्ष्याला झटकन उडता येत नाही, आणि झुडपाखाली दबा धरलेल्या मांजराला एवढं अंतर पुरेसं अवघड जातं. वर मात्र एखादी मोकळी फांदी असावी; पक्षी आधी तिथे बसून अंदाज घेतात. मांजरं नसतील तर बशी थोडी झुडपाच्या आडोशाला, फांद्यांच्या आत टांगा. माझ्या अनुभवात पारव्यांना अशी अडचणीची जागा आवडत नाही, त्यांना धडधडत उतरायला मोकळं लागतं. मोकळ्यावरच्या बशीवर तेही येणार, हे आधीच सांगून ठेवते. पण पाणी पिऊन जातात, मुक्काम ठोकत नाहीत.

आणि एक युक्ती. साठलेल्या पाण्यापेक्षा ठिबकणारं पाणी पक्ष्यांच्या लवकर लक्षात येतं. मेडिकलच्या दुकानातून सलाइनचा नवा सेट आणा, पाच लिटरच्या कॅनला जोडून कॅन फांदीला टांगा आणि नळीवरचं चाक फिरवून दोन-तीन सेकंदांना एक थेंब पडेल असं करा. एवढ्या एका गोष्टीने कोरड्या ठणठणीत बागेत नाचण आलेला मी पाहिलाय. शेपटीचा पंखा उघडून तो थेंबाभोवती गिरक्या घेतो, मध्येच पाण्यात बुडी मारतो, परत फांदीवर.

पाण्यावर कोण कसं वागतं हे बघणं ही हिवाळ्यातली खरी मजा. होला आला तर नीट बघा: तो चोच पाण्यात बुडवून, मान खाली ठेवून सलग पाणी ओढतो. बुलबुल चोचीत घोट घेतो आणि मान वर करून गिळतो. आंघोळीची वेळ पहाटेची नसते. ऊन अंगाला लागायला लागलं की, साधारण दहा ते बारा, तेव्हा गर्दी. दयाळ मात्र बऱ्याचदा दिवेलागणीच्या आधी एकटाच येऊन आंघोळ उरकतो. शिंपी आणि सूर्यपक्षी बशीत क्वचित उतरतात, त्यांना ओली पानं लागतात. दहाच्या सुमारास कर्दळीच्या किंवा केळीच्या पानांवर पाइपने हलका फवारा मारा आणि लांब जाऊन बसा. सूर्यपक्षी पानावर पोट टेकवून घसरत येतो, परत वर जातो, पुन्हा घसरतो, आणि मग पंख फुलवून पिसं एकेक करून चोचीतून काढत बसतो.

झाडांबद्दल मी मोजकंच सांगेन, कारण तुमच्या बागेत ऊन किती तास येतं ते मला माहीत नाही, आणि तळमजल्याच्या बागांत तेच ठरवतं. चार तास तरी ऊन असेल तर कोपऱ्यात एक तुती लावा आणि छाटून आटोक्यात ठेवा. फळं धरली की बुलबुल, साळुंक्या, कोकिळा सगळे येतात, आणि तुमच्या वाट्याला चार-दोन उरतात. अडुळसा आणि कोरांटी ही आपली जुनी झुडपं थंडीतच फुलतात, फारशी निगा मागत नाहीत आणि सूर्यपक्ष्यांना आवडतात. जास्वंद आहेच. डबल, पाकळ्यांच्या गुंत्याच्या जातींपेक्षा साधी एकेरी जास्वंद बरी, तिच्यात मधापर्यंत सहज पोचता येतं. कुंपणाशी जागा असेल तर शेवगा, तो भरभर वाढतो आणि फुलला की सूर्यपक्षी सकाळभर हलत नाहीत. सावलीच असेल तर अडुळसा, कर्दळ आणि पाणी यावरच समाधान मानावं लागेल, आणि त्यावरही बरंच काही येतं. घाणेरी मात्र मुद्दाम लावू नका. तिची फळं बुलबुल आवडीने खातात आणि बिया टेकड्यांवर नेऊन टाकतात. तिथे तिने आधीच उच्छाद मांडलाय.

सोसायटीत आंबा असेल आणि त्यावर बांडगूळ असेल तर माळ्याला ते सरसकट तोडू देऊ नका. झाड फारच पोखरलं असेल तर थोडं कमी करावं लागतं, पण थोडं राहू द्या. त्याच्या लांबट फुलांवर सूर्यपक्षी येतात, आणि त्याची चिकट फळं खायला अंगठ्याएवढा फुलटोच्या येतो. खाऊन झाल्यावर चिकट बी फांदीवर घासून टाकतो आणि नवं बांडगूळ रुजतं. मी हे बोलले की माळीमामा माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ते सोडून द्या.

आता झाडण्याचं. बहुतेक सोसायट्यांत खराटा फिरवून माती उघडी करणं म्हणजेच बाग राखणं असं समजतात. पडलेल्या पानांखाली गोम, कोळी, भुंगेऱ्यांच्या अळ्या, गांडुळं असतात, आणि दयाळ, भारद्वाज, साळुंकी यांचं ताट तेच. तुमच्या बागेतला एक कोपरा, निदान चार बाय सहा फुटांचा, पालापाचोळ्याला सोडून द्या. अधूनमधून त्यावर पाणी मारा. किडीचं औषध मारणारा दर महिन्याला येत असेल तर बागेपुरतं थांबवा. जास्वंदीवरचा मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बऱ्यापैकी जातो, आणि उरलेला शिंपी आणि चष्मेवाले वेचतात.

तरीही काही खायला ठेवायचंच असेल, आणि मनाची ती हौस मी समजू शकते, तर फळ ठेवा. पिकलेल्या पपईची फोड, पेरूचा तुकडा किंवा अर्धं केळं फांदीला खिळा न मारता काट्यावर किंवा तारेच्या आकड्यात अडकवा. बुलबुल आणि साळुंक्या येतील, आसपास मोठी झाडं असतील तर कदाचित तांबटही. पारवा येत नाही. संध्याकाळी उरलेलं उचलून टाका, नाहीतर मुंग्या आणि चिलटं. फरसाण, शेव, दुधात भिजवलेला पाव, खारे दाणे, बिस्किटं यांतलं काही नको. कुबट वास आलेले शेंगदाणे तर मुळीच नकोत, त्यांच्यावरच्या बुरशीचं विष पक्ष्यांना बाधतं. साखरेच्या पाण्याच्या बाटल्याही मी कुणाला सुचवत नाही. आपल्या दुपारच्या उन्हात ते पाणी लगेच आंबतं, आणि फुलं असताना त्यांची गरजही नसते.

तुमच्या पिवळट पक्ष्याचं उत्तर सोपं आहे: तो जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर. विणीचा हंगाम संपला की त्याची चकचकीत जांभळी-काळी पिसं झडतात आणि तो मादीसारखा पिवळट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत काळा पट्टा उरतो. आता त्याच्यावर नजर ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत तो ठिगळं लावल्यासारखा जागोजागी काळा व्हायला लागेल. तुमच्या जास्वंदीवर दुसरा एक, तांबूस-तपकिरी छातीचा आणि लिंबासारख्या पिवळ्या पोटाचा येत असेल, तर तो जांभळ्या पाठीचा सूर्यपक्षी. त्याचा नर बाराही महिने तसाच रंगीत असतो.

बघायला बसण्याची वेळ म्हणाल तर जानेवारीत पुण्यात सूर्यच सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे साडेसात ते नऊ पुरे, आणि मग आंघोळीसाठी दहानंतर. भडक कपडे नकोत, एकाच जागी बसा. सुरुवातीला दुर्बीण नसली तरी चालेल. एक वही ठेवा आणि रोज तीच पंधरा मिनिटं काय दिसलं ते लिहा, ‘काही नाही’ हेसुद्धा. तुमची बाग एका बाजूला मुठेचा काठ आणि दुसऱ्या बाजूला तळजाई-पर्वतीच्या टेकड्या यांच्या मध्ये आहे. त्यामुळे फक्त वाटेत थांबणारेही कुणी कुणी दिसतील, पण ते नोंदीतूनच कळतं. फेब्रुवारीत चार दिवस जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही पक्षीगणना होते, भारतात २०१३ पासून. पंधरा मिनिटांची यादी ई-बर्ड या फुकट ॲपवर टाकली की झालं. आवाजावरून ओळखणारी ॲपं मदतीला घ्या, पण त्यातले आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावू नका. आपल्या हद्दीत कुणी घुसलं असं समजून तो बिचारा चरायचं सोडून भांडायला येतो.

शेवटी एक काम तुमच्यावर सोपवते, कारण ते याच मोसमातलं आहे. संक्रांतीच्या आसपास बागेत आणि सोसायटीच्या झाडांवर मांजा अडकतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि झाडावर वर्षानुवर्षं कुजत नाही. संक्रांतीनंतरच्या रविवारी काठीला आकडा बांधून हाताला येईल तेवढा काढा, बारीक कापून कचऱ्यात टाका. कुणी अडकलेला सापडलाच तर दोरा ओढू नका, पक्ष्याच्या दोन्ही बाजूंनी कापा आणि पंखात रुतलेला तसाच राहू द्या. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली सुती कापड घालून ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. मदत येईपर्यंत खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत असू द्या आणि दर पाच मिनिटांनी उघडून बघू नका. घरातल्या मुलांनाही आधीच बजावून ठेवा.